मुलाची प्रार्थना कोणी लिहिली?

अलीकडे धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील ख्रिस्ती कुटुंबांकडून एकच काळजी समुपदेशक म्हणून माझ्यापर्यंत वारंवार येऊ लागली आहे. कुणाची मुलगी तरुण संघात द्यायची साक्ष, म्हणजे स्वतःच्या विश्वासाच्या अनुभवाचे कथन, चॅटजीपीटीकडून लिहून घेते, कुणाचा मुलगा संडे स्कूलचा पाठ त्याच्याकडूनच तयार करून नेतो, तर नवापूरकडच्या एका मंडळीत (चर्चमध्ये) काही जणांना रविवारचा संदेशच हल्ली फार गुळगुळीत वाटू लागला आहे. तपशील वेगळे असले, तरी आई-वडील शेवटी आवाज खाली आणून विचारतात ते एकच: “मॅडम, याच्यात विश्वास उरलाय का, की सगळं वरवरचं?” ही काळजी खानदेशापुरती नाही. जून २०२३ मध्ये जर्मनीतील फ्युर्थ शहरात प्रोटेस्टंट मेळाव्याच्या वेळी चॅटजीपीटीने रचलेली सुमारे ४० मिनिटांची उपासना झाली. पडद्यावरच्या आकृत्यांनी संदेश दिला, प्रार्थना म्हटली आणि तीनशेहून अधिक लोक ती ऐकायला आले. काहींना ती चालली, काहींना तिच्यात जीव वाटला नाही. जो वाद तिथे चर्चमध्ये झाला, तो आपल्याकडे बैठकीच्या खोलीत होतो आणि म्हणून जास्त दुखावतो.

ज्या कुटुंबाविषयी लिहिते आहे, त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मंडळीच्या कमिटीवर, आणि गल्लीपासून चर्चपर्यंत सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजीच्या पहिल्या स्मरणदिनाला घरी उपासना ठेवली होती. तीत मुलाने केलेली प्रार्थना ऐकून पाहुण्यांचे डोळे भरून आले आणि गुरुजींची मान ताठ झाली. पुढच्याच आठवड्यात घरातल्या सामाईक लॅपटॉपवर मुलाचे खाते उघडे राहिले होते. गुरुजींनी तिथे ती प्रार्थना पाहिली आणि तिच्या वर मुलाने टाइप केलेली मागणीही पाहिली: ‘आजीच्या स्मरणदिनासाठी मराठीत भावपूर्ण प्रार्थना लिहून दे. पाच मिनिटांची. वडिलांना आवडेल अशी.’ त्यांनी ते पान छापून घेतले आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवले.

ती प्रार्थना मी वाचली. भाषा निर्दोष होती. तिच्यातली आजी मृदुभाषी, क्षमाशील आणि सदैव हसतमुख होती. प्रत्यक्षातली आजी गच्चीवर बिबडे वाळत घालताना कावळ्यांसकट सगळ्या गल्लीला रागावत असे, हे तिच्या सुनेनेच मला हसत सांगितले. गुरुजींना मात्र हसू येत नव्हते. “परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराला मी वर्गातून उठवतो,” ते म्हणाले. “यानं देवासमोर कॉपी केली. याला मी कुठून उठवू?”

मी त्यांना विचारले, “गुरुजी, तुम्ही स्तोत्रसंहिता वाचून प्रार्थना करता ना?”

“रोज.”

“ते शब्द तुमचे असतात?”

“ते देवाचं वचन आहे, मॅडम. त्याची आणि मशीनची बरोबरी करू नका.”

बरोबरी करण्याचा माझा हेतू नव्हता. पण उसन्या शब्दांनी प्रार्थना करणे हा ख्रिस्ती परंपरेत दोष मानलेला नाही, हे या घरांना आधी आठवून द्यावे लागते. स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रे दुसऱ्यांनी रचलेली आहेत आणि शतकानुशतके माणसे स्वतःचे दुःख त्यांतच ओतत आली आहेत. ‘आम्हांला प्रार्थना करायला शिकवा’ असे शिष्यांनी म्हटले, तेव्हा येशूने त्यांना चक्क तयार शब्द दिले. लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात हे आहे. त्याच पवित्र शास्त्रात हन्नाही आहे. प्रार्थना करताना तिचे ओठ हलतात पण आवाज येत नाही, आणि याजक एलीला ती नशेत आहे असे वाटते. जकातदार आहे, ज्याला एका वाक्यापलीकडे काही सुचत नाही आणि तरी तोच नीतिमान ठरून घरी जातो. म्हणून शब्द कोणी लिहिले या प्रश्नात मला फारसा रस नसतो. उसने घेतलेले शब्द आपल्याला काय बोलण्यापासून वाचवतात, हे मला पाहायचे असते.

ज्या विचारपद्धतीत मी वाढले, ती माणसाला एकटे पाहत नाही, घर मिळून पाहते. मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने एक साधे निरीक्षण नोंदवले होते: दोन माणसांतला ताण त्यांना पेलवेनासा झाला की ती तिसऱ्याला मध्ये घेतात, आणि ताण कमी झाल्यासारखा वाटतो. या घरात इतकी वर्षे ती तिसरी जागा आईची होती. मुलाचे मन वडिलांना तिने सांगायचे आणि वडिलांची नाराजी मुलाला तिनेच पोहोचवायची. आजी गेल्यावर ती स्वतःच गप्प झाली. पहिल्या भेटीत ती पदराशी चाळा करत एवढेच म्हणाली, “मना पोऱ्या माले बी काहीच सांगत नही.” अहिराणीतले ते एक वाक्य मला गुरुजींच्या सगळ्या तक्रारीपेक्षा जास्त सांगून गेले. आईची रिकामी झालेली जागा यंत्राने घेतली होती. गुरुजी ज्याला अश्रद्धा म्हणत होते, ती मला बदललेली वाट दिसत होती.

मुलगा आला तो नाइलाजाने, आणि बसल्या बसल्या मोबाइल पालथा ठेवून म्हणाला, “तुम्हीपण बायबलचं वचनच देणार ना?” मी म्हटले, वचन देणारे तुझ्या घरात पुष्कळ आहेत. पहिल्या काही भेटी कॉलेज, मेस आणि क्रिकेट यांतच गेल्या, आणि त्या तशाच जायला हव्या होत्या. मग एके दिवशी मी त्याला विचारले, “ती प्रार्थना लिहून घेण्याच्या आधी तू त्या यंत्राला काय काय विचारलं होतंस? त्याची उत्तरं नकोत. तुझे प्रश्न तेवढे शोध.”

तो बराच वेळ बोटाने पडदा वर सरकवत राहिला. आजी अतिदक्षता विभागात होती त्या रात्रींपर्यंत तो मागे गेला. मग त्याने मान खाली घालूनच वाचायला सुरुवात केली. ‘आजीसाठी उपवास केला, प्रार्थना केली, तरी ती गेली. देव ऐकतो का?’ नंतर काही दिवसांनी विचारलेले: ‘पप्पा मंडळीत साक्ष देतात की देवाने आम्हाला शांती दिली. मला शांती नाही. मी खोटा आहे का?’ आणि पहाटे तीनच्या सुमारास, कसलेही विरामचिन्ह नसलेले: ‘मला आजीचा आवाज आठवत नाहीये’.

मी त्याला विचारले, “स्मरणदिनाला तू जे वाचलंस ते, आणि आत्ता जे वाचलंस ते. यांतली तुझी प्रार्थना कोणती?”

त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. कळल्यावर तो रडला, आणि मी त्याला थांबवले नाही.

इतकी वर्षे या खुर्चीत बसल्यावर काही प्रश्न आपल्या हाताला बसतात. हा त्यांपैकी एक आहे, आणि तो सापडला याचे मला समाधान आहे. यंत्राने दिलेल्या उत्तरावर सगळे घर भांडत असते. ते खरे की खोटे, पवित्र की अपवित्र, चोरीचे की नाही, यावरच वाद चालतो. पण त्या संभाषणात माणसाने लिहिलेला भाग असतो तो मागणीचा, आणि तो कुणीच वाचत नाही. गुरुजींनी छापून आणलेल्या कागदावरही खरे वाक्य प्रार्थनेत नव्हतेच. ते वरच्या ओळीत होते: वडिलांना आवडेल अशी.

मुलाने संमती दिली तेव्हाच मी तिघांना एकत्र बसवले. काय वाचायचे आणि काय नाही, हे त्यानेच ठरवले. दोन प्रश्न त्याने वाचले, तिसरा स्वतःकडे ठेवला. गुरुजी ऐकत होते. नंतर ते म्हणाले, “हे मला का नाही विचारलंस?”

“तुम्ही उत्तर दिलं असतं, पप्पा.”

“उत्तर तर त्या मशीननंही दिलं.”

“दिलं. पण माझ्या प्रश्नानं त्याला काही होत नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणे हेच कौशल्य असते, आणि ते शिकायला पुस्तक वाचण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “शांती मलाही नव्हती,” ते म्हणाले. “मंडळीत तसं बोलावं लागतं.” त्यावर आई एकदम म्हणाली, “मग घरात मी एकटीच खरी रडत होते की काय?” आणि तिच्या त्या रागाने तिघेही पहिल्यांदा एका बाजूला आले.

ज्या घरांत ही काळजी आहे, त्यांना मी काही गोष्टी स्पष्ट सांगते. मुलाचा मोबाइल तपासू नका. चोरून वाचलेल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, कारण तो तुम्हाला विचारलेलाच नसतो. ‘तू एआयकडून लिहून घेतलंस का?’ असे विचारले, तर चौकशी सुरू होते आणि मूल पुढच्या वेळी जास्त सफाईने लपवते. त्याऐवजी ‘यातलं तुला स्वतःला कोणतं वाक्य भिडलं?’ असे विचारावे. एकही भिडले नसेल, तर तेही मुलाला त्याच क्षणी कळते. आणि मुलाने शंका बोलावी अशी अपेक्षा असेल, तर एखादी शंका आधी मोठ्यांनी बोलून दाखवायला हवी. ज्या घरात साक्ष नेहमी विजयाचीच असते, तिथे हरलेला माणूस रात्री तीन वाजता यंत्राशीच बोलणार.

यंत्राशी बोलण्यात धोका नाही, असे मात्र मी म्हणत नाही. ही साधने बोलणाऱ्याची री ओढण्याकडे झुकतात. एप्रिल २०२५ मध्ये तर ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीतील एक बदल मागे घ्यावा लागला, कारण तो वापरणाऱ्याची फाजील खुशामत करू लागला होता. विश्वासाच्या वाटेवर कधीतरी ‘नाही, इथे तू चुकतो आहेस’ असे म्हणणारा माणूस लागतो, आणि तो तुमची री ओढणारा नसावा. शिवाय वचनांचे संदर्भ ही यंत्रे अधूनमधून बिनदिक्कत चुकीचे देतात, आणि आपण तिथे सांगितलेले गुपित कंपनीच्या साठ्यात जाऊन पडते. मुलाच्या बोलण्यात जगणे नकोसे झाल्याची भाषा येत असेल, तर विश्वासाची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.

कुटुंबप्रार्थनेविषयी मी गुरुजींना एकच सुचवले: वेळ निम्मी करा आणि मधली शांतता भरून काढू नका. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल लिहितो की आपण काय मागावे हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. ज्याला हे मान्य आहे, त्याने मुलाच्या अडखळण्याला घाबरण्याचे कारण नाही. गुरुजींना हे पटले, कारण मी ते त्यांच्याच शास्त्रातून सांगितले. पटले तरी त्यांना ते अजून जड जाते. मुलगा थांबला की पुढचा शब्द पुरवण्याची शिक्षकाची सवय एका पावसाळ्यात जात नाही.

मुलगा कॉलेजच्या कामासाठी चॅटजीपीटी वापरतो, आणि एखाद्या शास्त्रभागाची पार्श्वभूमी शोधायला हल्ली गुरुजीही मुलालाच सांगतात. ‘देव ऐकतो का?’ या प्रश्नाचे उत्तर देणे माझे काम नव्हते, म्हणून तो मी त्यांच्या पाळकांकडे सोपवला. पाळकसाहेबांनी त्याला एकट्याला बोलावले आणि बराच वेळ दिला. यंदा तरुण संघात साक्षीची संध्याकाळ ठरवताना, ज्यांच्या प्रार्थनेला अजून उत्तर आलेले नाही अशांनीही बोलावे, असे त्यांनी जाहीर केले आहे. मुलाने अद्याप नाव दिलेले नाही.