आधी प्रश्न, मग गाइड, मग विद्यापीठ

पत्र : मी तासगावची, वय 29. एमबीए फायनान्स, प्रथम श्रेणी. सांगलीतल्या एका नागरी सहकारी बँकेत चार वर्षं कर्ज विभागात अधिकारी आहे. यंदा मॅनेजमेंट विषयात नेट दिली. सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरले, जेआरएफ (संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती) थोडक्यात हुकली. मला मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करायची आहे. विषयही ठरवला आहे : ‘सांगली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात नागरी सहकारी बँकांमधील ग्राहक समाधानाचा अभ्यास’. सासरे म्हणतात, नोकरी सोडू नकोस, घरबसल्या होते तेवढी कर. एका सल्लागारांनी परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन डॉक्टरेट दीड वर्षात, साडेतीन लाखांत मिळवून देतो म्हणून सांगितलं आहे. आयआयएमला अर्ज करायचं धाडस होत नाही. काय करू?

उत्तर :

साडेतीन लाखांचा निकाल आधी लावू. ते देऊ नका. यूजीसीच्या 2022 च्या पीएचडी नियमांत ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने पीएचडी करायची सोयच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात यूजीसी आणि तंत्र व व्यवस्थापन शिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईने मिळून जाहीर बजावलं, की एडटेक कंपन्या परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून ज्या ऑनलाइन पीएचडी विकतात, त्यांना मान्यता नाही. तुमचे सल्लागार कदाचित म्हणतील, ही पीएचडी नव्हे, डीबीए (डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) आहे. परदेशातल्या चांगल्या बिझनेस स्कूल्सची डीबीए खरी असते आणि भरपूर घाम काढते, पण ती मिळवून द्यायला तिथे मधे कुणी एजंट बसलेला नसतो. विषय संपला.

आता खरं बोलू. पत्रात विषय आहे, नेट आहे, सासरे आहेत. पीएचडी कशासाठी हवी, ते मात्र कुठेच नाही.

बँकेतल्या बढतीसाठी हवी असेल तर वाट चुकते आहे. त्यासाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची जेएआयआयबी आणि पुढे सीएआयआयबी या परीक्षा करा, खर्च कमी आणि उपयोग लगेच. शिकवण्यासाठी हवी असेल, तर एआयसीटीईचे 2019 चे नियम वाचा. एमबीए कॉलेजात सहायक प्राध्यापक होण्यासाठी एमबीएला प्रथम श्रेणी आणि एमबीएनंतर दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो. ते दोन्ही तुमच्याकडे आजच आहे. विद्यापीठांत आणि पारंपरिक कॉलेजांत 1 जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक. तीही पायरी तुम्ही ओलांडली आहे. पीएचडीवाचून अडतं ते सहयोगी प्राध्यापक होताना. म्हणजे शिकवायची हौस असेल तर आधी एखाद्या कॉलेजात शनिवारी दोन तास घेऊन बघा. साठ मुलांपुढे उभं राहणं आवडतं की नाही, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. खासगी कॉलेजांत जाहिरातीतली वेतनश्रेणी आणि हातात पडणारा पगार यांत किती अंतर असतं, तेही तिथल्या स्टाफरूममध्येच समजेल.

उरलं तिसरं कारण. एखादा प्रश्न डोक्यात घर करून बसला आहे आणि त्याचं उत्तर कुणीच नीट दिलेलं नाही, असं वाटणं. पीएचडी या माणसासाठी आहे. एमबीएत तुम्हाला अर्धवट माहितीवर वेळेत निर्णय घ्यायला शिकवलं. इथे उलटी सवय लावून घ्यायची असते : घेतलेल्या निर्णयावर शंका घ्यायची, ती शंका तपासता येईल अशी मांडायची, आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी तेच लिहायचं. एमबीएत चमकलेली काही मुलं पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कंटाळतात ती यामुळे. एमबीएचा पुढचा वर्ग समजून ती आलेली असतात.

तुमच्या विषयाबद्दल स्पष्ट लिहिते, रागावू नका. शोधगंगेवर जा. इन्फ्लिबनेटचं हे भांडार सर्वांना खुलं आहे आणि देशभरातले प्रबंध तिथे सापडतात. ‘ग्राहक समाधान’ आणि ‘सहकारी बँका’ एवढं टाइप करा. जिल्ह्याचं नाव बदललेले तेच प्रबंध रांगेने दिसतील. प्रश्नावली, पाच पर्यायांची मापनश्रेणी, 384 प्रतिसादक (हा आकडा इतक्या प्रबंधांत का, तर क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या 1970 च्या तक्त्यात दहा लाख लोकसंख्येसाठी तो छापलेला आहे म्हणून), मग ‘स्त्री व पुरुष ग्राहकांच्या समाधानात लक्षणीय फरक नाही’ हे गृहीतक, शेवटी ‘बँकांनी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे’ ही शिफारस. पदवी मिळते. पण बँकेला, ग्राहकाला किंवा लिहिणाऱ्याला आधी माहीत नव्हतं असं त्यात काय असतं?

तुम्ही तासगावच्या आहात आणि चार वर्षं कर्जाच्या फायली बघता आहात. हे भांडवल पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याकडे नाही. तुमच्या भागात उन्हाळ्यात बेदाणा तयार होतो, शीतगृहात जातो, पावती मिळते, पावतीवर तारण कर्ज निघतं आणि शेतकरी भाव चढायची वाट बघत बसतो. यातले किती प्रश्न मोकळे आहेत बघा. लगेच सौद्यात माल काढणारा शेतकरी आणि थांबणारा शेतकरी यांच्यात फरक कशाचा : जमिनीचा, कर्जाचा, की अडत्याशी असलेल्या जुन्या व्यवहाराचा? शीतगृहाचं भाडं आणि व्याज वजा केल्यावर थांबणं परवडतं का? तारण कर्ज हाताशी असलं की माणूस गरजेपेक्षा जास्त थांबतो का? माल पडून राहून भाव पडला तर बँकेचा कर्ज अधिकारी काय करतो, जादा तारण मागतो की मुदत वाढवतो? शेवटचा प्रश्न तर निव्वळ मॅनेजमेंटचा आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या टेबलावरून रोज जातं. बाजार समितीकडे आवक आणि भावाच्या नोंदी असतात, बँकेकडे तारण नोंदवही असते. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आणि 2007 चा वखार कायदा, ज्याखाली आता इलेक्ट्रॉनिक गोदाम पावत्या निघतात, हा या विषयाचा धोरणाचा भाग झाला.

बेदाण्यात मन रमत नसेल तर बँकेतच बघा. रिझर्व्ह बँकेने 2019 च्या अखेरीस 100 कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांना निवडून आलेल्या संचालक मंडळाच्या जोडीला तज्ज्ञांचं व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितलं. त्याने कर्जमंजुरीत खरंच काही बदललं, की एक रजिस्टर वाढलं? (तुम्ही हसला असाल, तर उत्तराचा अंदाज तुम्हाला आहे. अंदाज आणि पुरावा यांतलं अंतर कापायला तीन ते सहा वर्षं लागतात.) एक सावधगिरी मात्र हवी. बँकेचा डेटा नोकरीच्या हक्काने उचलू नका. लेखी परवानगी घ्या आणि खातेदारांची ओळख काढून टाका. नाहीतर पाचव्या वर्षी प्रबंध अडकतो.

प्रश्न पानभर लिहून झाला की गाइड शोधा. विद्यापीठाचं नाव त्यानंतर. आपल्याकडे बहुतेक जण उलटं करतात : आधी विद्यापीठ, मग ज्याच्याकडे जागा रिकामी तो गाइड, मग गाइड सांगेल तो विषय. नियमाप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. तेव्हा जागा आहे का, हे आधी विचारा. मग शोधगंगेवर त्या गाइडच्या हाताखाली झालेले दोन प्रबंध काढून वाचा. दोन्ही एकसारखे निघाले तर तिसरा तुमचा असणार. आणि त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये चहा पाजा. सर मसुदा किती दिवसांनी परत देतात, त्यावर खुणा असतात की फक्त सही, आणि सरांच्या घरची कामं कोण करतं, एवढं विचारलं तरी पुरे. ही माहिती कुठल्याही माहितीपुस्तकात छापत नाहीत.

आता नोकरी आणि सासरे. ते म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त ‘घरबसल्या’ हा भाग सोडून. 2022 च्या नियमांत पार्टटाइम पीएचडीला परवानगी आहे. त्यासाठी बँकेचं ना हरकत पत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी लिहून हव्यात : तुम्हाला पार्टटाइम अभ्यासाची परवानगी आहे, कामातून संशोधनाला वेळ मिळू शकतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी तुम्हाला मोकळं केलं जाईल. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं असतं, त्यात संशोधन पद्धती आणि प्रकाशनाची नीतिमत्ता येते. त्यानंतर दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. एकूण मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं. त्यावर पुनर्नोंदणीने दोन वर्षं वाढतात, आणि स्त्रियांना आणखी दोन. बाळंतपण किंवा मुलाच्या संगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजाही आहे. पत्रात तुम्ही हा विषय काढलेला नाही. सासरचे काढतील, तेव्हा आकडा जवळ असू द्या.

फुलटाइम करायचं तर पैशाचा प्रश्न आधी सोडवा. जेआरएफ पुन्हा द्या. वयाची मर्यादा 30 आहे, पण स्त्रियांना पाच वर्षांची सवलत असल्यामुळे तुमच्याकडे 35 पर्यंत वेळ आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37 हजार, पुढे 42 हजार आणि वर घरभाडं. सारथी, बार्टी, महाज्योती, टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. कुठली लागू होते, ते तुमच्या प्रवर्गावर ठरेल. पण त्या भरवशावर राजीनामा देऊ नका. जागा मर्यादित असतात, आणि जाहिरातींसाठी व थकलेल्या रकमांसाठी विद्यार्थ्यांना आझाद मैदानापर्यंत जावं लागल्याचं आपण पेपरात वाचत आलो आहोत.

आयआयएमचं धाडस होत नाही, हे वाचून मला जरा वाईट वाटलं. तिथला डॉक्टरेटचा कार्यक्रम जुना आहे, अहमदाबादला तो 1971 पासून चालतो. पूर्वी ‘फेलो’ ही पदवी मिळायची, 2017 च्या आयआयएम कायद्यानंतर पीएचडी देता येऊ लागली. पूर्णवेळ विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळतं. नागपूरला आयआयएम आहे, मुंबईची नीटी 2023 पासून आयआयएम मुंबई झाली आहे, आणि आयआयटी मुंबईत शैलेश जे. मेहता स्कूल आहे. अडचण इंग्रजीची नसते, गणिताची असते. पहिली एक-दोन वर्षं अर्थशास्त्र, सांख्यिकी आणि अर्थमिती यांनी कंबर मोडते, आणि घर सोडून तिथे राहावं लागतं. नोकरदारांसाठी यांपैकी काही ठिकाणी एक्झिक्युटिव्ह पीएचडी आहे, तिची फी लाखांत जाते. तारण कर्जाचा प्रश्न नीट मांडलात तर मुलाखतीत तुमचं ऐकून घेतील, कारण तिथल्या बहुतेक उमेदवारांनी तारण नोंदवही पाहिलेली नसते. अर्ज करून बघा. नाही म्हणाले तर फीपुरता तोटा.

तुमच्या जागी मी असते तर शिवाजी विद्यापीठात पार्टटाइम आणि आयआयएममध्ये फुलटाइम, असे दोन्हीकडे अर्ज केले असते. कल मात्र पहिल्याकडे ठेवला असता. तुमचा डेटा, तुमची माणसं आणि तुमचा पगार तीनही सांगलीत आहेत.

जर्नलबद्दल दोन ओळी. प्रबंधाआधी लेख छापून आलाच पाहिजे, ही यूजीसीची सक्ती 2022 मध्ये गेली, काही विद्यापीठांचे स्वतःचे नियम मात्र आहेत. पुण्याच्या विद्यापीठातून चालणारी मान्य जर्नलांची यूजीसी-केअर यादीही बंद झाली. त्यामुळे ‘चार दिवसांत छापतो’ म्हणणाऱ्यांचं फावलं आहे. त्यांचे मेल उघडू नका. आणि उचलेगिरीबाबत 2018 चे नियम कडक आहेत : दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, साठच्या पुढे गेलं तर नोंदणीच रद्द होते.

घाई एकाच गोष्टीची आहे. तुमच्या गटातले नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. ते धरून प्रवेश देणाऱ्या ठिकाणी त्यांना 70 टक्के भार असतो आणि उरलेले 30 टक्के मुलाखतीला. काही विद्यापीठं स्वतःची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) ही घेतात. म्हणून येत्या महिन्यात प्रश्नाचं एक पान लिहा, तीन गाइडना पाठवा, त्यातल्या दोघांना प्रत्यक्ष भेटा. बँकेत ना हरकत पत्राचा अर्ज आजच टाका. संचालक मंडळाच्या बैठकीपुढे तो जायला किती वेळ लागतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.