जर्मनीतल्या रस्त्यांवरचे ज्यू बळींच्या नावांचे पितळी दगड आपण भारतीयांनी घासले तर चालतं का? आपला तसा काही संबंध नसताना?

चालतं. परवानगीही लागत नाही. पण "संबंध नसताना" या दोन शब्दांवरून आमच्या घरात एकदा चांगलंच वाजलं होतं, म्हणून लिहिते.

बर्लिनमध्ये आमच्या इमारतीच्या दाराशी असे तीन श्टोल्परश्टाइन आहेत. वडील, आई, मुलगी. मुलीच्या दगडावर जन्मसाल १९३७ आणि खाली १ मार्च १९४३, आउशवित्झ, म्हणजे नाझींच्या मृत्यूछावणीत नेल्याची तारीख. २७ फेब्रुवारीला कारखान्यांतून ज्यू कामगारांना उचलायला सुरुवात झाली आणि दोनच दिवसांनी तिकडे गाड्या निघाल्या, त्यांतली ही पहिली. वर पहिल्या ओळीत लिहिलंय, 'इथे राहत होती'. इथे म्हणजे कितव्या मजल्यावर, ते कुठेच नाही. जिना चढताना मला ते रोज आठवतं.

पहिल्या वर्षी दगड पार काळे पडले होते. कुणी घासेना, म्हणून ९ नोव्हेंबरला, म्हणजे १९३८ मध्ये ज्या रात्री नाझींनी ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली-जाळली तिच्या स्मरणदिवशी, मी बादली घेऊन बसले. आईने देवाच्या भांड्यांसाठी दिलेली पितांबरी होती, तीच वापरली. दादा तेव्हा दिवाळीनंतर आमच्याकडे आला होता. तो दारात उभा राहून म्हणाला, "नावं फुटपाथवर? लोक पाय देऊन जातात. आपण कागदाला पाय लागला तरी नमस्कार करतो आणि तू याला मान म्हणतेस?"

मी म्हटलं, नामदेवांची पायरी आठव. संतांचे पाय लागावेत म्हणून ते पंढरपूरला दाराशी राहिले.

"नामदेवांनी ते स्वतः मागितलं," तो म्हणाला. "यांना कोणी विचारलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते मला कित्येक महिने टोचत राहिलं. नंतर कळलं की हाच वाद म्युनिकमध्ये झाला आहे. तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोट क्नोब्लोख स्वतः त्या काळातून वाचलेल्या, आणि त्यांचं म्हणणं दादासारखंच: ज्यांना तुडवलं त्यांची नावं पुन्हा पायाखाली नकोत. २००४ मध्ये महापालिकेने सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड नाकारले. २०१८ पासून तिथे भिंतीवर फलक किंवा खांब लावतात. म्हणजे दादाचा मुद्दा खुळा नव्हता, हे मी मान्य करते.

तरीही माझं मत बदललेलं नाही. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९२ मध्ये कोलोनला सुरुवात केली आणि २०२३ मध्ये एक लाखावा दगड बसला. त्यातल्या कितीतरी लोकांना कबरच नाही. नातेवाईक कुठून कुठून येऊन दगड बसताना उभे राहतात. त्यांनी 'हो' म्हटल्यावर तुम्हीआम्ही पायाचं सोवळं काढत बसायचं कशाला? दादाला मी एवढंच म्हणाले होते की नाव खाली असेल तर तू वाक. तो वाकला नाही. वर गेला. मी एकटीने तिन्ही घासले.

आणि संबंधाचं म्हणाल, तर ज्या दारातून मी रोज आत जाते त्याच दारातून ती मुलगी बाहेर पडली. मला आणखी संबंध लागत नाही. २०१२ मध्ये ग्राइफ्सवाल्डला याच ९ नोव्हेंबरच्या सुमारास गावातले सगळे दगड कुणीतरी उखडून नेले, तेव्हा गावाने पैसे जमवून नवे बसवले. त्यांतल्या किती जणांचं त्या नावांशी नातं असेल?

आता कसं घासायचं: पितळेचं पॉलिश किंवा पितांबरी, मऊ फडकं, भरपूर पाणी. तारेची घासणी अजिबात नको, अक्षरं ठोकून काढलेली असतात, ती झिजतात. चिंच वापरलीत तर खळखळून धुवा, नाहीतर आठवड्यात हिरवट डाग येतात, माझे आले होते. काही दगडांचं पालकत्व शेजारच्या कुणी घेतलेलं असतं, तेव्हा आधी विचारलेलं बरं. दगड फक्त ज्यूंचे नसतात, सिंती-रोमा (युरोपातल्या भटक्या जमाती), अपंग, राजकीय कैदी यांचेही असतात, तेही घासा. नोव्हेंबरात पाणी थर्मासमध्ये कोमट करून न्या, नाहीतर तिसऱ्या दगडापर्यंत बोटं वळत नाहीत.