आजीची वंदना आणि तुझी दहा मिनिटं

प्रिय सोनू,

आजी रोज सकाळी बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून पालीत वंदना म्हणते, मग डोळे मिटून बसते. तू विचारलंस, 'मी देव, पुनर्जन्म काहीच मानत नाही, तरी मला ते ध्यान शिकता येईल का?' येईल.

आजी बुद्धाकडे काही मागत नसते, हे आधी लक्षात घे. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा देताना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही हे स्पष्ट आहे. त्रिसरण-पंचशील, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं आणि पाच शीलं पाळणं, ही तिची बांधिलकी आहे, आणि तिच्या पिढीने ती मोठी किंमत मोजून घेतली. तुला ती घ्यायची नसेल तर नको घेऊस, पण त्या बांधिलकीला कर्मकांड म्हणू नकोस. ध्यान मात्र त्याशिवायही सुरू करता येतं.

सुरुवात आनापानाने कर, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. घोंगडी किंवा चादर घडी करून चार-सहा इंच उंच बैठक कर. कंबर गुडघ्यांपेक्षा वर हवी. ती खाली राहिली की पाठीला बाक येतो आणि पाच मिनिटांत कंबर बोलायला लागते. मांडी जमत नसेल तर खुर्ची घे, फक्त पाठ टेकू नकोस. दहा मिनिटांचा गजर लाव आणि फोन लांब ठेव. नाकपुड्यांच्या कडेला, वरच्या ओठाच्या वर, हवा कुठे लागते ते शोध. आत येताना ती किंचित गार असते, बाहेर जाताना कोमट. तिथेच लक्ष ठेव.

हा प्राणायाम नाही. श्वास लांबवायचा नाही की रोखायचा नाही. पण बघायला लागलं की तो हमखास आपल्या ताब्यात जातो आणि छातीत ओढल्यासारखं होतं. असं झालं की श्वासावरचं लक्ष सोडून दे, बैठकीवर पडलेलं शरीराचं वजन जाणव, मिनिटभराने परत ये. स्पर्श कळतच नसेल तर दोन-तीन श्वास जरा जोरात घे, मग पुन्हा आपोआप चालू दे. सर्दीत नाक बंद असेल तर पोटाचं वरखाली होणं बघ.

विचार येणारच. ते थांबवायला गेलीस की वैतागून सोडशील, बहुतेक जण इथेच सोडतात. मन भटकलं हे ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी स्वतःला न रागावता श्वासाकडे यायचं. दहा मिनिटांत पन्नास वेळा यावं लागलं तरी तोच सराव आहे. फारच भरकटत असशील तर श्वास मोज. विसुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात मोजणी पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये, असं सांगितलंय. विपश्यना शिकवणाऱ्या गोएंकाजींच्या पद्धतीत मात्र मोजायचं नाही, कुठला शब्दही जोडायचा नाही. दोन्ही एकदम करू नकोस.

जेवणानंतर बसलीस तर डुलकी येणार. डोळे अर्धे उघड, नाहीतर उभी राहा. पायाला मुंग्या आल्या तर खुशाल पाय सोड. अंग बधिर होईपर्यंत बसण्यात काही शौर्य नाही.

इगतपुरीच्या धम्मगिरीला, म्हणजे गोएंकाजींच्या विपश्यना केंद्रात, जायची घाई नको. दहा दिवसांचं मौन, पहाटे चारची घंटा, रोज दहा तासांच्या आसपास बैठक, नव्या साधकांना संध्याकाळी फक्त फळं आणि चहा. फी नाही, खर्च आधीच्या साधकांच्या दानातून चालतो. पहिले तीन दिवस आनापान, विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना तटस्थपणे बघणं, चौथ्या दिवसापासून. ही पद्धत कुठल्याही धर्माच्या माणसासाठी आहे असं तिथे सांगतात, पण सुरुवातीला त्रिरत्नांना (बुद्ध, धम्म, संघ) शरण जाणं आणि शील घेणं असतं, प्रवचनांत पुनर्जन्मही येतो. हे ठाऊक असूनच जा. आधी काही महिने रोज बसायची सवय होऊ दे.

बसल्यावर धडधड वाढली, जुनं काही दुःख उसळून आलं, तर ताणून बसू नकोस. डोळे उघड, खोलीतले आवाज ऐक, चार पावलं चाल. पुन्हा पुन्हा तसंच होत असेल तर ध्यान थांबव आणि समुपदेशकाशी बोल, मलाही लगेच फोन कर.

तुझी,
आई