मुलाला हिमनदीवर रिसर्च करायचाय, बाबांनी एमबीएचा फॉर्म भरलाय

नमस्कार सर,

मुलगा बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला, मार्क ६१ टक्के, त्याला हिमनद्यांखालच्या पाण्यावर रिसर्च करायचाय आणि तुम्ही विचारताय की हे खूळ डोक्यातून कसं काढू. मार्कांचं बघू नंतर, मला धास्ती वाटली ती तुमच्या एका ओळीची, "त्याला न सांगता एमबीए सीईटीचा फॉर्म भरून टाकलाय". अहो, एवढ्या मोठ्या मुलाचा फॉर्म त्याच्या पाठीमागे भरायचा नसतो! अ‍ॅडमिशन मिळेलही, पण यापुढे तो तुम्हाला मनातलं काही सांगणार नाही. आज रात्री जेवताना त्याला सांगून टाका, तो चिडला तर चिडू द्या.

दुसरं, तुम्ही लिहिलंय "बर्फ वितळला, खाली पाणी गेलं, घसरला, यात रिसर्च कसला". इतकं सरळ नाहीये ते. ग्रीनलँडमध्ये २००६ च्या उन्हाळ्यात बर्फावर साचलेलं साडेपाच चौरस किमीचं तळं तडा जाऊन दीड तासात रिकामं झालं, पाणी जवळपास एक किमी जाडीच्या बर्फातून थेट तळाशी पोचलं, वरचा बर्फ मीटरभर उचलला गेला, जोरात सरकला आणि थोड्याच वेळात परत नेहमीच्या वेगावर आला. कारण पाणी किती यापेक्षा त्याचा दाब किती यावर सगळं ठरतं. उन्हाळा सुरू होताना तळाच्या वाटा चिंचोळ्या असतात, पाणी तुंबतं, दाब वाढतो, बर्फाची खडकावरची पकड सुटते. मग तेच पाणी बर्फ वितळवून बोगदे रुंद करतं, निचरा होतो, दाब उतरतो आणि वरून धो धो पाणी येत असतानाही बर्फ मंदावतो. थंडीत पाणी आटलं की बर्फाच्या वजनाने बोगदे परत मिटतात. नैऋत्य ग्रीनलँडचा काही भाग तर वितळणं वाढूनही वर्षाच्या हिशोबाने हळू झालाय. हे खूळ नाही, अवघड विषय आहे.

जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा), एमएस्सी, मग नेट किंवा गेट परीक्षा, पीएचडी हा रस्ता त्याला माहीत असणारच. गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांचं स्पितीत हिमांश नावाचं स्टेशनही आहे. जागा कमी असतात, ही तुमची काळजी मात्र खरी.

आणि त्यालाही हे स्पष्ट सांगा की प्रत्यक्ष बर्फावर जाणं थोडे आठवडे, बाकी वर्षभर जीपीएस-रडारचा डेटा, कोडिंग आणि समीकरणं. त्यामुळे ६१ टक्क्यांत मॅथेमॅटिकल फिजिक्सला किती पडले ते मला हवंय, पण ते तुम्ही कळवू नका, पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या.