पाहिलं तेवढंच लिही

प्रिय,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना राग आला. तुझा नाही, 'नियोजनानुसार' या शब्दाचा. क्लायंटचं काम तीन आठवडे बंद आहे हे तू स्वतः जाऊन पाहिलंस, आणि वृत्तपत्रांना धाडायच्या पत्रकात लिहायचं 'काम नियोजनानुसार सुरू आहे'. वर साहेबांचा युक्तिवाद असा की नियोजनच बदललंय, तेव्हा वाक्य खोटं ठरत नाही. आणि तू मला विचारतेस, जनसंपर्क सोडून पत्रकारितेत जाऊ का?

क्षेत्राचं नंतर बघू. आधी ते वाक्य खोड. पाहिलं तेवढंच लिहायचं.

आयव्ही ली, आपल्या जनसंपर्काच्या धंद्याचा अमेरिकेतला एक आद्य माणूस, त्याचं नाव तुला शिकवलं असेलच. 1906 मध्ये त्याने वृत्तपत्रांना आपलं धोरण लिहून कळवलं: काम उघडपणे करू, माहिती अचूक देऊ, कुणाला पडताळून पाहायची असेल तर मदत करू. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळली, 50 हून अधिक माणसं गेली. रेल्वेने गप्प बसायचं हा तेव्हाचा रिवाज. लीने रेल्वेतर्फे स्वतःहून पत्रक काढलं आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते जसंच्या तसं छापलं. इथपर्यंत अभ्यासक्रमात असतं.

पुढचं कुणी शिकवत नाही. 1914 मध्ये कोलोरॅडोतल्या कोळसा खाणींत संप चालू होता. लुडलोला संपकऱ्यांच्या तंबूंवर हल्ला झाला, त्यात बायका-मुलंही मेली. त्यानंतर खाणमालकांची बाजू मांडणारी पत्रकं हाच ली काढत होता. कामगार नेत्यांना वर्षभरात मिळालेले पैसे त्यात नऊ आठवड्यांचे म्हणून छापले गेले. पुढे चौकशी आयोगाने विचारलं, मालकांनी दिलेली माहिती तपासलीस का? नाही, असं त्याला कबूल करावं लागलं. अचूकतेची हमी ज्याने लिहून दिली, त्यानेच! म्हणून सांगते, तत्त्वं भिंतीवर लावून भागत नाही. पाहिलं तेवढंच लिहायचं.

मला हे पुस्तकातून कळलं असं समजू नकोस. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका क्लायंटच्या आवारात आग लागली. व्यवस्थापक फोनवर म्हणाले, कुणालाही इजा नाही. मी वीस मिनिटांत पत्रक धाडलं आणि त्या वेगाबद्दल शाबासकीही मिळवली. दोन कामगार रुग्णालयात होते. ज्या बातमीदाराने माझ्या शब्दावर ती ओळ छापली, त्याने दुसऱ्या दिवशी खुलासा छापला आणि त्यानंतर माझा फोन कधीच उचलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मसुद्यातल्या प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने लिहिते: कुणी सांगितलं, आणि त्याने स्वतः पाहिलं का? यामुळे माझी पत्रकं उशिरा निघतात. 'तुम्ही पोलीस आहात का?' असं एका बैठकीत ऐकून घेतलंय. बढती दोनदा हुकली. माझ्यामागून आलेले पुढे गेले, आणि त्यांतले एक-दोघं खरोखर हुशारही होते. मला पश्चात्ताप नाही. (महिनाअखेरीला थोडा होतो.) पण अडचणीच्या दिवशी बातमीदार आधी मला फोन करतात. आमच्या धंद्यात याहून मोठी मिळकत मला तरी दिसलेली नाही.

आणि ती वृत्तपत्रांतली कात्रणं मोजून, त्यांना जाहिरातीच्या दराने गुणून 'एवढ्याची प्रसिद्धी मिळवली' असं सांगणं बंद कर. जनसंपर्काचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या 2010 च्या बार्सिलोना तत्त्वांनी तो हिशेब मोडीत काढला. तुमच्याकडे अजून त्याचेच तक्ते रंगवताहेत, याचं मला हसू येतं.

आता साहेबांचं. त्यांच्यासमोर नीतिमत्तेवर भाषण देऊ नकोस, वाया जाईल. एवढंच विचार: बातमीदार उद्या फाटकावर जाऊन उभा राहिला आणि आत कुणीच दिसलं नाही, तर त्याला काय सांगायचं? मग दुसरा मसुदा पुढे ठेव: काम अमुक तारखेपासून थांबलं आहे, कारण हे, पुढची माहिती अमुक दिवशी देऊ. कारण सांगता येत नसेल तर सांगता येत नाही असं लिही. काय सांगायचं नाही हे ठरवायचा हक्क क्लायंटला आहे. खोटं सांगायचा नाही, आणि शब्द खरा ठेवून अर्थ खोटा करायचा तर मुळीच नाही. साहेबांनी तरीही हट्ट धरला तर खाली संपर्कासाठी त्यांचं नाव घाल, तुझं नको.

पत्रकारितेत जायचं तर खुशाल जा, पण या वाक्यापासून पळून नको. असली वाक्यं तिथेही पुढ्यात येतात.

सोमवारपर्यंत मसुदा पाठव. त्यात 'नियोजनानुसार' दिसलं, तर यावेळी फोन न उचलणारी मी असेन.

तुझी,
ताई