हेलियमची फाइल

प्रश्न : विद्यापीठात सतरा वर्षं सेंद्रिय रसायन शिकवतेय. आता संशोधन संचालकपदासाठी विचारणा झाली आहे. घरचे म्हणतात, घे. माझी पीएच.डी.ची मुलं म्हणतात, मॅडम, तुम्ही परत लॅबमध्ये दिसणार नाही. रसायनशास्त्रज्ञ असून सीएसआयआर उभारणाऱ्या शांतिस्वरूप भटनागरांना कसं जमलं असेल? – एक प्राध्यापिका, मराठवाडा

उत्तर : मुलं खरं बोलतायत. मी सहा वर्षं त्या खुर्चीत काढली. पहिल्याच महिन्यात कॉलम, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारी सिलिका भरलेली काचनळी, लावला होता, तेवढ्यात लेखा विभागाचा फोन : 'सर, दोन मिनिटं या.' सव्वा तासानं परतलो तर सिलिका कोरडी पडून मधोमध तडकलेली, पिवळा पट्टा तिथंच अडकलेला. पुन्हा स्वतःच्या हातानं कॉलम लावणं झालं नाही.

तरी सांगतो, जा.

एनएमआरच्या, म्हणजे रेणूची रचना चुंबकाच्या मदतीनं ओळखणाऱ्या यंत्राच्या, द्रव हेलियमची फाइल माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यावर शेरा होता : 'गेल्या वर्षी खरेदी झाली आहे. यंदा पुन्हा का?' लिहिणाऱ्याचं काय चुकलं? त्याला ते उपकरणच वाटलं. मी खाली जाऊन त्याच्यासमोर बसलो. म्हटलं, आतला चुंबक उणे २६९ अंशांच्या हेलियममध्ये बुडालेला असतो. यंत्र वापरा, न वापरा, हेलियम उडतच राहतो. पातळी फार उतरली तर चुंबक तापतो आणि उरलासुरला हेलियमही भसकन निघून जातो. रांजण पाझरतो म्हणून आपण पाणी भरायचं थांबतो का? त्याच दिवशी सही झाली. फाइली मंजूर होतात त्या मजल्यावर एखादा रसायनवाला हवाच.

भटनागर लाहोरला विद्यापीठात होते तेव्हा स्टील ब्रदर्स ही कंपनी तेलविहिरीची अडचण घेऊन आली. खोदकामातला चिखल खारं पाणी लागलं की घट्ट व्हायचा. यांनी त्यात डिंक घालून प्रश्न सोडवला. कंपनीनं दीड लाख रुपये देऊ केले, ते यांनी विद्यापीठामार्फत संशोधनाला लावले. १९४२ साली सीएसआयआर, म्हणजे देशभरातल्या सरकारी प्रयोगशाळांची परिषद, उभी राहिली, त्याच्या कितीतरी आधी हा माणूस पैशाला वाट काढून द्यायला शिकला होता.

मला मात्र के. वेंकटरामन जास्त जवळचे. माटुंग्याच्या यूडीसीटी या मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून १९५७मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) पहिले भारतीय संचालक झाले, आणि रंगांचं रसायन सोडलं नाही.

होकाराआधी दोन गोष्टी लेखी घ्या : पीएच.डी.ची मुलं तुमच्याकडेच राहतील आणि गुरुवारी दुपारी बैठक लागणार नाही. दुसरी मी तोंडी घेतली होती.