कार्यालयात खून झाला होता, ॲडव्हान्स परत मिळेल?

प्रश्न: फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे. जूनमध्ये नाशिकजवळचं एक लॉन दीड लाख देऊन बुक केलं. ऑगस्टमध्ये मांडववाल्याकडून कळलं, की तिथल्या वधूपक्षाच्या खोलीत ४ वर्षांपूर्वी खून झाला होता. सप्टेंबरमध्ये आणखी १ लाख भरले. आता घरात कुणीच तिथे लग्न करायला तयार नाही. पावतीवर 'ॲडव्हान्स परत मिळणार नाही' असं छापलंय. फसवणुकीची केस होईल का?

उत्तर: दर लग्नसराईत अशी पत्रं येतात आणि सगळ्यांना ती छापील ओळच खुपते. तुमचं घोडं मात्र अडलंय सप्टेंबरच्या १ लाखापाशी. ऑगस्टमध्ये सगळं कळल्यावर दुसरा हप्ता भरलातच कशाला? फसवणुकीने झालेला करार रद्द करता येतो. पण माहीत असूनही तो पुढे चालवला, तर तुम्ही तो मान्य केला असं धरतात.

तसंही, करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नव्हे. कायद्यातच उदाहरण आहे: लिलावात विकणाऱ्याला घोड्याचं दुखणं माहीत आहे, तो बोलत नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट समजतो', आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते बोलल्यासारखंच. पैसे देण्याआधी तुम्ही मॅनेजरला काही विचारलं होतंत का? व्हॉट्सॲपवर तसा प्रश्न आणि त्याचं खोटं उत्तर असेल, तर पूर्ण चॅट जपून ठेवा. नसेल, तर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवू नका. जे मांडववाल्याला ठाऊक होतं ते साध्या चौकशीत कळलं असतं, असंही समोरचा वकील म्हणणार. कलम १९ चा अपवाद त्याच्या बाजूने आहे.

पैशांची वाट कलम ७४ मधून जाते. जप्तीची अट छापली, तरी लॉनवाल्याला वाजवी भरपाईच मिळते. २०१५ च्या कैलाश नाथ असोसिएट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की नुकसानच नसेल तर भरपाई नाही. फेब्रुवारीची मुहूर्ताची तारीख दुसऱ्याला गेली, तर त्याचं नुकसान कितीसं उरलं? तुम्ही जितके दिवस घरात चर्चा करत बसाल, तितकं ते वाढेल.

म्हणून याच आठवड्यात बुकिंग लेखी रद्द करा. स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवरही. दोन्ही पावत्यांचे क्रमांक, 'ही तारीख इतरांना देण्यास आमची हरकत नाही' हे वाक्य, बँक खातं आणि १५ दिवसांची मुदत, एवढंच लिहा. भुताखेताचं एक अक्षरही नको. पंधरवड्याने एखाद्या नातेवाइकाला त्याच तारखेची लेखी विचारणा करायला सांगा. 'बुक आहे' असं उत्तर आलं, तर तोच तुमचा पुरावा.

तरी दाद दिली नाही, तर तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करा. ५ लाखांपर्यंत फी नाही. कायद्यात निकालाला ३ महिने लिहिलेत. त्या भरवशावर मुलीच्या लग्नाचा हिशेब मांडू नका. किती रक्कम कापली जाईल, हे पावत्या न पाहता सांगणं कठीण.

नवं कार्यालय घेताना पैसे पाठवण्याआधी मॅनेजरला एवढा मेसेज टाका: 'इथे आग, अपघात, खून किंवा आत्महत्या घडली असल्यास आजच कळवा, काही कळवलं नाहीत तर तसं काही नाही, असं समजून ॲडव्हान्स भरत आहोत.'